पिकलचं नवं घर

१ फेब्रुवारी, रविवार
मॅरिएलचा फोन. दारू सोडवायच्या केंद्रातून रविवारी दहा मिनिटं मिळतात, त्यातली नऊ तिने सरड्यावर घालवली. पिकलने खाल्लं का, दिवा लावलास का. मी म्हटलं, बाई, मीपण जिवंत आहे. जाताना भिंतीवर कागद चिकटवून गेलीय: बाबा, काचेची पेटी आहे तशी राहू दे. काही बनवू नकोस. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.
संकल्प: ती यायच्या आत पिकलला लाकडी बंगला. बत्तीस वर्षं डुलुथमधल्या लोकांची किचनची कपाटं पॉलिश केली. पोरीसाठी कधी काही केलं नाही, हे तिचं म्हणणं. आता बघेल.

३ फेब्रुवारी
हार्डवेअरमध्ये देवदार मागितलं. काउंटरवरचा ऑर्विल म्हणाला, सरड्याला देवदार नको, त्याच्या तेलाने फुप्फुसं जातात. बर्चचं प्लाय घ्या, पाण्यातलं पॉलिश, आणि महिनाभर उघड्यावर वाळवा. प्लाय घेतलं, हा माझा मोठेपणा. पॉलिश माझं जुनंच, तेलातलं. पाण्याने अंघोळ करतात, पॉलिश नाही.

६ फेब्रुवारी
तीन हात मारले. चौथा प्रेमाने. सांध्यांना बाथरूमचं सिलिकॉन, बुरशीचं औषध घातलेलं. पिकलला बुरशी नको. बाहेर उणे वीस, म्हणून सगळं किचनमध्ये, खिडक्या बंद.

७ फेब्रुवारी
नियम सोपा. वास गेला की वाळलं. पेटीत डोकं घालून पाच मिनिटं हुंगलं. काही नाही. एका रात्रीत! डॉक्टर म्हणतो, पॉलिशच्या फवारणीने माझं नाक दहा वर्षांपूर्वीच गेलं. डॉक्टरला पॉलिशमधलं काय कळतं.

८ फेब्रुवारी, रविवार
पिकलचा गृहप्रवेश. शेजारीण व्हर्ना कॅसरोल घेऊन आली आणि दारातच डोळे पुसायला लागली. लेलंड, डोकं भणभणलं रे, खिडकी उघड. म्हटलं, सरडा गारठेल. नाकाला रुमाल लावून गेली. दिवसाला एक पाकीट ओढते, हिला कसला वास येतोय. कॅसरोलला चव नव्हती.
मॅरिएलने फोनवर विचारलं, सगळं कागदाप्रमाणे ना? म्हटलं, अगदी. सरप्राइज म्हणजे सरप्राइज.

१० फेब्रुवारी
पिकल तोंड उघडून बसतो. हसतो. काचेच्या पेटीत कधी इतका वेळ हसला नव्हता.

११ फेब्रुवारी
रातकिडे खाल्ले नाहीत. रातकिडेही मेलेलेच निघाले. हल्ली दुकानात माल चांगला येत नाही.

१२ फेब्रुवारी
दिवसभर हवेच्या जाळीला नाक लावून बसलाय. माझी वाट बघतो. दिव्याचा जोर वाढवला, उबेत बरं वाटेल. माझं डोकं दुखतंय. बर्फामुळे.

१३ फेब्रुवारी, सकाळी ७
पिकल झोपलाय. उठवला नाही.
दुपारी ४
अजून झोपलाय.

१४ फेब्रुवारी
व्हर्नाला बोलावलं. जाळीतून बघून म्हणाली, गेला रे तो. कालच गेला असेल, वास मारतोय. मला येत नव्हता. मग ती हळूच म्हणाली, लेलंड, तुला खरंच कसलाच वास येत नाही का?
वय झालं असणार. चार वर्षांचा होता. सरड्याबरोबर दुकानातून आलेल्या कागदावर लिहिलंय, हे बारा वर्षं जगतात. कागदावर काहीही लिहितात. मांडीवर घेऊन बसलो. रडलो, लिहून ठेवतो. पुरायचा म्हटलं तर जमीन दगडासारखी गोठलीय. फ्रीजरमध्ये ठेवला, मटारशेजारी.

१५ फेब्रुवारी, रविवार
संकल्प: फोन उचलताच सांगायचं. पहिलं वाक्य.
पहिलं वाक्य तीच बोलली. एकेचाळीस दिवस, बाबा, एक थेंब नाही. म्हणाली, फार वाईट वाटलं की पिकलला आठवते, घरी तो वाट बघतोय असं मनाशी म्हणते. जरा फोन त्याच्याजवळ धर ना, त्याचं खरडणं ऐकू दे.
धरला. दुसऱ्या हाताने प्लायवर नखं ओढली. चौथा हात फार गुळगुळीत बसलाय, नखं घसरत होती. जोर लावला. ती हसली. किती दिवसांनी हसली.
म्हणाली, बाबा, आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंस.
मंगळवारी येतेय.