तिन्ही पोरीच

आई, काल वर्गात एका मुलीनं विचारलं, की देवी तीनच का. मी महाकाली, महालक्ष्मी, महासरस्वती अशी सुरुवात केली आणि मध्येच तू आठवलीस. नवरात्रातली अंबाबाईची रांग. ताई आणि मधली तुझ्या दोन हातांना, आणि चार-पाच वर्षांची मी पदराला धरून. मागची एक अनोळखी बाई विचारते, "तिन्ही पोरीच व्हय?" तू वळूनसुद्धा बघत नाहीस. "व्हय. आत पण तिन्ही पोरीच हायत की. त्यांच्यापुढं हात जोडायलाच आलायसा न्हवं?" रांग हसते, ती बाईही हसते. मी विचारते, त्यांच्यात थोरली कोण? "मला न्हाय ठाऊक. शिकलीस की तूच सांग."

शिकले. आपल्या सगळ्यात जुन्या सूक्तांत इळा, सरस्वती, भारती अशा तिघींना एकत्र बोलावतात. ग्रीकांच्या तिघी बहिणी माणसाच्या आयुष्याचा धागा कातायच्या, मोजायच्या, तोडायच्या. युरोपात शेजारी शेजारी बसलेल्या तीन मातांचे जुने कोरीव दगड सापडतात, कुणाच्या मांडीवर फळं, कुणाच्या मांडीवर बाळ. तीन देवींची कुमारी, आई आणि म्हातारी ही वाटणी हल्ली सगळीकडे सांगतात, पण ती बरीच अलीकडची. आपल्याही तिघी कदाचित आधी वेगवेगळ्या असतील, मागाहून एका छताखाली आल्या असतील. सगळ्यांचं मूळ एकच, असं काही सिद्ध होत नाही. थोरली कोण, तेही नाही.

त्या नवरात्रानंतरच्याच दिवाळीला आत्या आल्या होत्या. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. "आणखी एकदा बघ की, वहिनी," त्या म्हणाल्या. बाबा ताटाकडे बघत राहिले. "बघून झालं," तू म्हणालीस, "तिघी बास." भाकरी उलटलीस आणि आत्यांच्या ताटात लोणी वाढलंस. आत्या गेल्यावर तू एकटीच सरकारी दवाखान्यात जाऊन ऑपरेशन करून आलीस. घरी येऊन ताईला एवढंच सांगितलंस, "थोडं दिस हंडा तू उचलायचा." दुसऱ्या दिवशी सकाळी हंडा बाबांनीच भरून आणला.

यातलं काही मी वर्गात सांगितलं नाही. तुलाही एक गोष्ट कधी विचारली नाही. मी पोटात असताना तू देवीकडे काय मागितलं होतंस? तू खोटं बोलायची नाहीस, म्हणून विचारायचं राहिलं. आज समोर असतीस, तरी विचारलं नसतं.