उरलेला दम

पनवेल,
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय मालूबाय,

स. न. वि. वि.

माझं मागचं पत्र तुला मिळालं असेल आणि उशाखाली ठेवून, उशी बदलून तू मोकळीही झाली असशील. तर पुन्हा सांगते, माझं नाव भामा. परकरात होतो तेव्हापासून तुझ्याबरोबर लग्नाचे धवळे गात आले, तीच मी. ओळख पटली असेल तर पुढचं ऐक.

फोन करत नाही म्हणून फुगू नकोस. फोनवर मी श्वास घ्यायला थांबले की तुला वाटतं लाइन गेली, मग तू हॅलो हॅलो करून माझा उरलासुरला दम संपवतेस. डॉक्टर म्हणाले की फुप्फुसं थकलीत, दम जपून वापरा. मी विचारलं की बरं, पण वापरायचा कशावर, तर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तेव्हापासून सगळं बेतानं चाललंय. सुनेशी भांडण बंद. देवाला मनातल्या मनात. कोंबड्यांनासुद्धा ओरडत नाही, नुसता हात हलवते. त्याही मला आता मोजत नाहीत. पत्राचं बरं आहे. एक वाक्य सांगायचं आणि थांबायचं. तेवढ्यात नात भाविका लिहून घेते, आणि माझं हाय-नाय पुसून मला शिकलेली बाई करून टाकते.

तिचंच लग्न ठरलंय, माघात. मुलगा तळोज्याला कारखान्यात आहे. शिफ्ट करून आला की बसल्या जागी झोपतो, म्हणजे भांडणारा नाही. भाविकाचा हट्ट एकच, हळद धवळ्यांवर लागली पाहिजे. आता आमच्या गावात धवलारीण म्हणून मी उरले आणि उरणला तू.

पण त्याच्या आधी शेजारच्या काशिरामच्या नातवाची, मितेशची हळद आहे. त्याच्या बापाची हळद आपण दोघींनी गायली होती, म्हणून त्यांनी घरी येऊन विचारलं. नाही म्हणवत नाही, आणि दोन हळदींना पुरेल एवढा दम दिसत नाही. काय करू, सांग.

लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढवलास तर परत करायला मला धाप लागेल.

तुझी,
भामा


उरण,
२ डिसेंबर २०२५

प्रिय भामे,

स. न. वि. वि. अक्षर माझ्या नातसुनेचं, प्राचीचं. शहाणपण माझं.

तू काशिरामकडे जा, हळद लाव, जेव आणि तोंड मिटून घरी ये. त्यांच्याकडे डीजे असणार. आपण पहिली ओळ उचलेपर्यंत ते अंगण दणाणून सोडतात. एकदा सुरू केलेला धवळा अर्ध्यावर टाकायचा नसतो हे तुला ठाऊक, डीजेवाल्याला नाही. नुसती भिडेपायी दम घालवशील आणि घरच्या पोरीच्या वेळी मुकी बसशील.

मी ठणठणीत आहे. सकाळी दूधवाल्याला हाक मारली तर शेजारच्या दोन घरांची दारं उघडतात. फक्त दिवस सरत नाही गो. पूर्वी सुकट निवडायला बसलो की दुपार कुठे गेली कळायचं नाही. हात सुपात आणि तोंडानं अख्खं लग्न गाऊन व्हायचं. आता प्राची निवडलेली सुकट पुडीतून आणते. हातांना काही काम म्हणून उरलं नाही.

भाविकाच्या लग्नाला मी येणार. कोणत्या महिन्यात आहे ते कळव. आणि काशिरामकडे गाऊ नकोस, त्यांच्याकडे डीजे असणार. भाविकाचं लग्न कधी आहे तेही कळव.

इकडचा लोभ मुरलेला आहे, बरणी उघडी टाकू नकोस.

तुझी,
मालू

भामाआजी, मी प्राची. खालचं मी आजींना वाचून दाखवलेलं नाही. त्या बोलल्या तसं दोनदा लिहिलं. तुमचं पत्र त्यांना रोज नवं वाटतं, मी रोज वाचून दाखवते, त्या रोज हसतात. मागच्या महिन्यात इथं एका हळदीत त्या गायला बसल्या आणि मध्येच थांबल्या. शब्द आलेच नाहीत. बायका वाट बघत राहिल्या. घरी येऊन त्यांनी घसा बसल्याचं सांगितलं, आणि तेव्हापासून गुणगुणतसुद्धा नाहीत. भाविकाताईंच्या लग्नाला त्यांना आणू की नको? पुन्हा तसं झालेलं त्यांना सोसणार नाही.


पनवेल,
१६ डिसेंबर २०२५

प्रिय मालूबाय,

स. न. वि. वि.

तू नको म्हणालीस आणि मी गायले. म्हणजे तुझंच खरं झालं. हे वाक्य एकदाच ऐक, प्राचीकडून रोज वाचून घेऊ नकोस.

मी पहिली ओळ उचलली आणि अंगणात डीजे लागला. मितेशची आई कानाशी येऊन म्हणाली की म्हणा तुम्ही, ऐकू येतंय. तिला येत नव्हतं. मागची ओळ धरायला तू नव्हतीस, म्हणून दोन्ही ओळी मीच ओढल्या. शेवटाला पोहोचले तेव्हा हळद लावणाऱ्या बायका नाचायला गेल्या होत्या. पाटावर मितेश तेवढा होता, पिवळ्या बोटानं मोबाइल पुसत. त्यानंतर मी जी पडले ती आज उशीला टेकून बसलेय. भाविका आधी रडली, मग रागावली. म्हणाली की जपून ठेवलेला सगळा दम वाया घालवलास. मी नाही म्हणाले नाही. त्यातून काही चांगलं निघालं असं तुला सांगितलं तर खोटं होईल. दमले गो मालू. आताशा श्वास घेते तोही कुठून तरी ओझं वाहून आणल्यासारखा.

गाण्यापुरता दम आता नाही. कुजबुजण्यापुरता आहे. शब्द मात्र सगळे जागेवर आहेत, डोळे मिटले की एकामागून एक येऊन उभे राहतात, आणि त्यांना कुठं धाडायचं ते मला कळत नाही. तुझं काय झालंय ते प्राचीनं कळवलं. तिला एक शब्द बोलू नकोस, पोर घाबरलीय. घसा बसला म्हणून तू त्यांना सांगितलंस, मला नको सांगूस. तुझा घसा बसायच्या आधी उरणचा धक्का खचेल.

तर असं करू. हळदीला तू पुढे बस, मी तुझ्या खांद्याला टेकून मागे. बायकांना वाटेल म्हातारीला आधार लागतो, आणि लागतोच. ओळीचा पहिला शब्द मी तुझ्या कानात घालीन. शब्द मिळाला की तुला अख्खी ओळ येते, आजवर मी हेच तर करत आले. तुला वाटायचं मी ताल धरतेय. अडलीस तर दुसरा शब्द देईन. तेवढा दम या कामावर घालवायला माझी ना नाही. हळद उतरेपर्यंत गाडीतून एक भोंगा खाली काढायचा नाही, अशी ताकीद भाविकानं डीजेवाल्याला देऊन ठेवलीय.

लग्न माघात आहे. तू पुन्हा विचार, मी पुन्हा कळवीन. लिहिणारी भाविका आहे, माझं काय जातं. पण पौष सरला की प्राचीनं तुला इथं आणून सोडावं, लग्नाच्या चांगली आधी. उजळणी करायला हवी.

लोभ असो म्हणत नाही. तू असावीस.

तुझी,
भामा

ता. क. प्राची, हे तुला. येताना सुकट आण, भरपूर. पुडीतली नको. बाजारात टोपलीत असते तशीच घे, काडीकचरा, खडे, शिंपल्या सगळ्यासकट, आणि घरी निवडू नकोस. सूप इथं आहे, आम्ही दोघी बसून निवडू.