सात दिवसांचा पट्टा

प्रिय पोरी,

पत्र बघून घाबरू नकोस. कुणी मेलेलं नाही, कुणी पडलेलं नाही आणि मला काही नकोही आहे. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय. कागद मधे बोलत नाही. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे ते गोड मानून घे. छापखान्यात दिवसभर लोकांच्या चुका काढायचा तुला पगार मिळतो, माझ्या फुकटात काढू नकोस. त्यातली मोठी चूक मी स्वतःच दाखवणार आहे, जरा दम धर.

आधी ठमीचं. गेल्या वर्षी तुझी लेक जिन्यावरून घसरली आणि हनुवटीला चार टाके पडले. तेव्हा तू फोनवर रडलीस. आई, तिला खाली सोडू नकोस, बसवून ठेव, मला इथे काम सुचत नाही, म्हणालीस. तुझंही खरं होतं. नवरा बोटीवर, तू तिकडे आणखी दोघी बायकांबरोबर एका खोलीत राहणार, पोर माझ्या भरवशावर. मी आयुष्यात पहिल्यांदा तुझं ऐकलं, आणि नेमकं तेच ऐकायला नको होतं. बालवाडीतून आली की माझ्या शिवणाच्या मशीनशेजारी स्टूल, हातात तो टॅब. उठली की मी कात्री वाजवायची. पोरगी गुणी, कात्री वाजली की खाली बसायची. बालवाडीच्या बाईंनाही मी दम भरून आले होते की माझ्या नातीला घसरगुंडीवर चढवलंत तर याद राखा. आठ महिने असे गेले. टाक्यांची खूणसुद्धा आता शोधावी लागते, पण स्टूल काही हललं नाही.

तुला माहीत आहे, वाढदिवसाला मी तिच्या फ्रॉकच्या मापाचा कागद कापते. यंदाचा कागद मागच्या कागदावर ठेवला तर लांबी दोन बोटं वाढलेली आणि कंबर चार बोटं. तू मागच्या खेपेला आलीस तेव्हा तिला आंघोळ घालताना म्हणालीस, माझ्यावर गेली बिचारी. मग तिकडून ती यादी पाठवलीस, दूध अर्धं, लोणी बंद, बिस्किटाचं नाव नाही. यादी मी भिंतीला लावली. तुझं ते वाक्य मात्र कुठे लावावं ते कळेना.

त्यातच बालवाडीत डॉक्टरकीच्या कॉलेजातल्या दोन मुली आल्या. लहान पोरं दिवसभरात किती हलतात आणि अंगात चरबी किती, याचा त्या अभ्यास करतात म्हणे. मी म्हटलं, यात अभ्यास काय करायचा, पोरं हलतात हे आंधळ्यालाही कळतं. त्यातली चष्म्याची मुलगी हसली. तिने पितळी चिमट्यासारखं काहीतरी काढलं आणि ठमीच्या दंडामागची कातडी अलगद धरून आकडा वाचला. मग खांद्याखालची धरली. काटा नुसतं वजन सांगतो आजी, म्हणाली, हाडं किती, मांस किती, पाणी किती, चरबी किती, ते काटा सांगत नाही. मी चाळीस वर्षं माणसांना टेप लावतेय. लग्नाच्या नवऱ्या मापल्या, बाळंतिणी मापल्या, आणि टेप बाहेरूनच फिरते हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. गळ्यातली टेप मी हळूच पदराखाली सारली.

मग तिने ठमीच्या कमरेला एक पट्टा लावला. त्याला काड्यापेटीएवढी डबी. सात दिवस ठेवायचा, आंघोळीला आणि झोपताना काढायचा, केव्हा काढला केव्हा घातला ते कागदावर लिहायचं. ती बजावून म्हणाली, आजी, रोज जसं चालतं तसंच चालू द्या, काही बदलू नका. मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

दोन दिवस जसं चालायचं तसं चाललं. ठमी स्टुलावर, डबी ठमीच्या कमरेला, दोघीही गप्प. तिसरा दिवस सुट्टीचा. सकाळी माझ्या ध्यानात आलं. ही डबी सगळं टिपतेय आणि चारचौघांत वाचली जाणार, की या बाईने नातीला उशीसारखी ठेवली आहे. मी काय केलं असेल सांग. पट्टा सोडवला, वाढवला आणि माझ्या कमरेला बांधला. मनात म्हटलं, मी दिवसभर मशीनचं पायडल हाणते, माझ्याएवढं या गल्लीत कोण हलतं? भरू दे डबी. शाळेचे पडदे शिवायचे होतेच. नऊला बसले आणि आगगाडीसारखी सुटले.

ठमी बघत राहिली. मग स्टुलावरून उतरली, पण पाय जमिनीला टेकवून तिथेच थांबली आणि विचारलं, आजी, पट्टा तुला लागला, म्हणजे आता तू बसायचं ना? आणि मी उठायचं?

पायडल थांबलं. तिला वाटत होतं, पट्टा बसवून ठेवायसाठीच असतो. त्यात पोरीचं काय चुकलं! दोन दिवस पट्टा लावून मी तिला बसवलीच होती. उरलेला दिवस तिच्याकडे न बघता पडदे शिवले. दोन पडदे उलटे शिवले, उसवावे लागले. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

चौथ्या दिवशीही बालवाडीला सुट्टीच होती. पट्टा जिथला तिथे, ठमीच्या कमरेला लावला, कात्री खणात टाकली आणि तिला इमारतीच्या मागच्या अंगणात घेऊन गेले. तुला विचारलं नाही. चिड, मग चिडून झालं की पुढे वाच.

पहिली काही मिनिटं ती माझ्या पदराला धरून उभी होती. मग पलीकडच्या भिंतीवर एक मांजर दिसलं. पोरी, त्यानंतर मी जे बघितलं ते कसं लिहू? मला शब्द नाहीत आणि मला शब्द नाहीत असं होत नाही, हे तुला ठाऊक आहे. ती चालली नाही. दुपारपर्यंत ती एकदाही चालली नाही. इथून तिथे जायचं तर पळत, नाहीतर उड्या मारत, नाहीतर उलटी, नाहीतर गुडघ्यांवर. धापा टाकत बसली म्हणून पाणी द्यावं म्हटलं तर पेला भरेपर्यंत उठून गेलेली. चार श्वास पळायचं, दोन श्वास मुंगी बघायची, पुन्हा सहा श्वास पळायचं. तिला कुणी सांगत नव्हतं, कशासाठी ते तिलाही माहीत नव्हतं. आतून कुणीतरी किल्ली देत होतं. पडली दोनदा, गुडघा खरचटला, माझ्याकडे बघितलं, मी न पाहिल्यासारखं करून आभाळाकडे बघितलं, ती उठली. त्या पायऱ्यांचा कठडा आहे ना, तो ती आधी पोटाने चढली, मग हाताने, तिसऱ्यांदा अशी चढली की जणू जन्मतःच येत होतं. डोळ्यांसमोर अंग शिकत होतं. कापडाचा तागा आपोआप फ्रॉक होताना बघावा तसं.

मग मला हुक्की आली. म्हटलं, ही करील ते आपणही करायचं. ती वाकली की वाकायचं, पळाली की पळायचं. वरच्या मजल्यावरची शेजारीण ओरडली, आजी, विंचू चावला काय? किती वेळ टिकले असेन? शेजारणीने गॅसवर दूध ठेवलं होतं, ते वर यायच्या आत मी पायरीवर आडवी. छातीचा भाता, गुडघ्यांत खिळे, आणि ती चार वर्षांची गोळी माझ्या पोटावरून उडी मारून पुढे. मी तिथे पडल्या पडल्या बघत राहिले. एवढ्याशा देहात एवढी आग कुठे मावते गं? आणि ती आठ महिने मी कात्री वाजवून विझवत होते.

आठव्या दिवशी चष्म्याची मुलगी डबी न्यायला आली. तिने डबी कॉम्प्युटरला जोडून चित्र दाखवलं. पहिले दोन दिवस, बालवाडीची सकाळ सोडली तर, कापलेल्या गवतासारखे. चौथ्या दिवसापासून करवतीचे दात, एकाला एक लागून, नुसते डोंगर. आणि तिसरा दिवस? ती म्हणाली, आजी, या दिवशी ती आजारी होती का, झोपून होती का? पोरी, तो माझा दिवस! आठ तास पायडल हाणून डबीच्या मते मी झोपले होते. कंबर हलत नाही ना मशीनवर. इतकी हसले की डोळे पुसायला तिला आपला रुमाल मला द्यावा लागला. मग मी सगळं कबूल केलं, यादीचंही सांगितलं, तेव्हा तो दिवस तिने खोडला आणि जास्तीचे दोन दिवस पट्टा ठेवून गेली.

जाताना मी विचारलं, आता चिमट्याचा आकडा उतरेल? ती खोटं बोलली नाही. आठवड्यात काही होत नसतं, म्हणाली, एका पोराचं काय होईल ते मी छातीठोक सांगणार नाही. पण या वयात जोराने पळणं, उड्या मारणं अंगाच्या भल्याचं असतं, असं दिसतंय. यादी काढून टाका, दूध पोटभर द्या, आणि जागा द्या.

यादी मी काढली. हे तुझ्या परवानगीशिवाय केलं, म्हणून कळवतेय. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा पुन्हा स्टूल मांडायचं म्हणशील तर पोर तुझी आहे, मांड. पण मांडण्याआधी शेवटचं ऐक, त्याचसाठी हे सगळं लिहिलं.

लहानपणी तू विचारायचीस, मशीनच्या डाव्या पायाचा रंग कसा गेला? मी सांगायची, उंदरांनी खाल्ला. लोखंड खाणारे उंदीर! तेही तू खरं मानलंस. तुला पाय फुटले तेव्हापासून शाळेत घालेपर्यंत मी तुला तिथे बांधत होते. कापडाची किनार, दोन हात लांब, एक टोक तुझ्या कमरेला, एक मशीनच्या पायाला. खोलीत इस्त्री तापलेली, कात्र्या, सुया, जिना उघडा, आणि घरात मी एकटी. पहिले काही महिने तू ओढायचीस, रंग त्यानेच गेला. मग ओढणं सोडलंस. गिऱ्हाइकं म्हणायची, काय गुटगुटीत, काय शहाणं बाळ, आणि मी फुलून जायची. शाळेच्या शर्यतीत तू कडेला बसलीस, मला पळता येत नाही म्हणालीस, तर मी म्हटलं, आपल्या घरात कुणी पळत नाही. पुढे तू आरशाकडे पाठ करायला लागलीस, अर्धपोटी राहायला लागलीस, आणि मी म्हणत राहिले, अंगकाठीच तशी. बांधल्यामुळेच सगळं झालं का, ते मला सांगता येणार नाही, चष्म्याच्या मुलीलाही नाही. पण त्या अंगणात ठमी कठडा चढली तेव्हा मला ती दिसेना, तू दिसलीस, जी मी कधी बघितलीच नाही. माफी मागायला मला येत नाही, चौथीपर्यंत शिकवत नाहीत. एवढंच सांगते, ठमी तुझ्यावर गेलेली नाही. तूसुद्धा तुझ्यावर गेली नव्हतीस, पोरी. तुझ्या अंगात खोट नव्हती, गाठ माझी होती. आलीस की जिना सांभाळून चढ, वर पोचायच्या आत ती धावत येऊन तुला धडकेल. तिला थांबव म्हणू नकोस. जमलं तर तिच्यामागे पळ, मी आभाळाकडे बघेन.

तुझीच,
आई