अंगणातल्या दोन बादल्या

दादा, आज वर्गातल्या टाकीत एका माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले आणि सकाळपासून मला एका जागी बसवत नाही. फळ्यावर एक लिहायचं तर दुसरंच लिहिलं. मधल्या सुट्टीत टाकीत निळं औषध टाकलं, थेंब मोजले, तरी खात्री पटेना. शेवटी पोरांना गणितं दिली आणि हा कागद ओढला.

सेनगावच्या दवाखान्यात तुम्ही कंपाउंडर. डॉक्टरांनी पेशंटच्या बाकासमोर टाकी मांडली, पण तिच्यात जीव गुंतला तो तुमचा. दवाखान्याला नळ नव्हता, म्हणून टाकीचं पाणी आपल्या अंगणात दोन बादल्यांत दोन दिवस उघडं ठेवायचात, त्यातलं ब्लिचिंग उडून जावं म्हणून. "मान्साला चालतं, माशाला न्हाई. त्याचे कल्ले भाजतेत. हात लावू नको बादल्याला," हे मला दहादा तरी सांगितलं असेल.

त्या पावसाळ्यात तुमच्या माशांना हेच ठिपके आले. तीन दिवस औषध दिल्यावर मासे खायला लागले, आणि चौथ्या दिवशी तुम्ही अर्धं पाणी बदलायचं ठरवलं. नेमका त्याच सकाळी पाच दिवसांनी नळ आला. मी तुमची बारा वर्षांची लेक. शिळं पाणी सांडायचं, ताजं भरायचं, हे आईने अंगात मुरवलेलं. घागरी झाल्या, रांजण झाला, आणि त्याच झपाट्यात तुमच्या बादल्याही मी सांडून पुन्हा भरल्या. भरल्यावर आठवलं. बोलणी बसतील म्हणून गप्प राहिले. एरवी तुम्ही पाण्याचा वास घेऊन बघायचात, पण त्या दिवशी तुम्हाला सर्दी. मी दारात उभी आहे, आणि तुम्ही दोन्ही बादल्या घेऊन रस्ता ओलांडताय.

दुपारपर्यंत सगळे मासे उलटे झाले. डॉक्टर रागावले नाहीत. तुम्हीच म्हणालात, "साहेब, माजाच हात चुकला. औषध जास्त पडलं." टाकी मग रिकामीच राहिली. पण त्यानंतर पेशंटच्या औषधाची बाटलीसुद्धा तुम्ही उजेडाला धरून तीनतीनदा बघायला लागलात. बाकावरची माणसं कुरकुरायची. माझा मलाच संताप येतो, दादा. तुमचा हात चुकला नव्हता.

आत्ता एका पोरीनं वर्गातल्या टाकीशेजारी मी भरून ठेवलेल्या बादल्या बघून विचारलं, "बाई, ह्या बादल्या उघड्या काहून ठेवल्या?" मी तुमचंच वाक्य सांगितलं, तुमच्याच सुरात. "तुमाला कुनी शिकवलं?" "वडिलांनी," म्हणाले, आणि तिला गणिताकडे वळवलं.

तुम्ही नंतर अकरा वर्षं होतात. शेवटच्या आजारपणात स्वतःची गोळी तळहातावर घेऊन मला विचारायचात, "बराबर हाय ना गं?" तेव्हा तरी सांगायचं होतं. मी नुसतं "व्हय" म्हणायचे. हा कागद कुठे पोचणार नाही, म्हणूनच एवढं लिहवलं. तुम्ही समोर असतात, तर मी आजही गप्पच बसले असते.