बर्फाच्या मुकादमाचं 'नाही'

पोस्टरं छापून झाली, आता तारीख कशी बदलणार, हे कारण तुम्ही मागच्या वर्षीही दिलं होतं, कालेर्वोकाका. पोस्टरं बर्फावर उभी राहत नाहीत. माणसं राहतात. यंदाच्या पोस्टराचा फोटो माझ्या बहिणीने, वेन्लाने पाठवलाय: मार्चचा दुसरा रविवार, हिर्विसेल्का तलाव, चार गावांच्या सेवा मंडळांची मिळून बर्फावरची मासेमारीची स्पर्धा, गाड्या थेट बर्फावर लावायची सोय, सगळी मिळकत आजारी मुलांच्या उन्हाळी शिबिराला. आणि तळाला, सगळ्यात बारीक अक्षरांत, माझ्या बापाचं नाव: बर्फाची जबाबदारी, तौनो होन्कापुरो. ते वाचलं आणि कागद घेऊन बसलो.

तर आता रीतसर. मी येस्से, तौनो होन्कापुरो यांचा मुलगा, मूळचा साम्मालनिएमीचा, सध्या नॉर्वेच्या उत्तर टोकाला खेकडे धरणाऱ्या बोटीवर मजूर, वय तेवीस, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, मी प्यायलेलो नाही आणि कुणी माझा हात धरून लिहवून घेत नाही. नववीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, तेव्हा कलमं मागेपुढे झाली तर वकिलाने हसू नये. आमचा कप्तान नव्या माणसाला मृत्युपत्राशिवाय हिवाळ्यात बंदराबाहेर नेत नाही. माझ्या पलंगावर आधी जो झोपायचा त्याने ते लिहायचं टाळलं होतं. त्याचे बूट अजून पलंगाखाली आहेत. ते कुणाला द्यायचे हेच ठरत नाही.

या कागदाची एक प्रत बहिणीकडे राहील. दुसरी आपल्या गावच्या मंडळाकडे जाईल, आणि ती मी मरायची वाट न बघता, येत्या सभेत कॉफीच्या आधी मोठ्याने वाचायची आहे. अध्यक्ष या नात्याने तुम्हीच वाचा, कालेर्वोकाका. औषधांच्या दुकानात चिठ्ठ्या वाचता तसं, एकही शब्द न गाळता.

कलम पहिलं. माझी स्नो-स्कूटर वेन्लाला. खाडीच्या बाजूने ती चालवायची नाही, पुलाखालच्या अरुंद पाण्याकडे तर मुळीच न्यायची नाही. तिथे खाली ओढ आहे. हंस यंदा दक्षिणेला गेलेच नाहीत, पुलाखाली उघड्या पाण्यात बसून आहेत, असं तूच सांगितलंस ना वेन्ला? हंस तिथे उगाच बसत नाहीत.

कलम दुसरं. माझं गिरमिट, ज्याने बर्फाला भोक पाडतात ते, मंडळाला दिलं असतं, पण देत नाही. तुम्ही एकाच जागी भोक पाडता, मंडळाच्या धक्क्याजवळ, कारण आजोबांच्या काळापासून तिथेच पाडतात. मग जाडी मोजायला पट्टी घालता आणि म्हणता, "भरपूर आहे." कसला भरपूर? खालचा काळा, पोलादी बर्फ वेगळा आणि वरचा राखी, ठिसूळ बर्फ वेगळा, हे तुमच्यातल्या प्रत्येकाला पाळण्यापासून माहीत आहे. यंदा पातळ बर्फावर हिम पडलं, त्यावर पाऊस पडला, ते सगळं गोठून राखी झालं. पट्टीला रंग दिसत नाही. बाबा पट्टी लावत नाहीत, पहार मारतात आणि ऐकतात. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाले, "आवाजच येत नाही रे. पहार मारली की नुसतं भस्स होतं."

"मग सांगा ना त्यांना."

"सांगितलं होतं की शरदात. दोन युरो गेले."

गिरमिट वेन्लालाच.

कलम तिसरं हे वस्तूचं नाही, पण लिहिल्याशिवाय पुढची कलमं कळणार नाहीत. बाहेरच्या वकिलासाठी सांगतो: आमच्या मंडळाच्या सभेत मातीचं एक डुक्कर फिरतं. उशिरा आला, दंड. फोन वाजला, दंड. आणि कुठल्याही कामाला 'नाही' म्हणाला तर घंटा वाजते आणि दोन युरो डुकरात. डुकरातले पैसेही धर्मालाच जातात, त्यामुळे कुणाला राग येत नाही. गंमत असते. मी लहान असताना मला ते डुक्कर फार आवडायचं. पण या गमतीने असं झालं की आमच्या मंडळात 'नाही' हा शब्द उरलाच नाही. रक्तदानाला हो, रस्त्याकडेची झुडपं तोडायला हो, म्हाताऱ्यांच्या छपरावरचं हिम काढायला हो. ते चांगलंच आहे. फक्त बर्फाला 'हो' म्हणून चालत नाही.

मागच्या वर्षी शेजारच्या मंडळाच्या सॉसेज विकणाऱ्या बाईच्या गाडीचं चाक बर्फ फोडून रुतलं, तेव्हा बाबा छातीपर्यंत पाण्यात गेले. बाई सुटली, गाडी सुटली. बाबांना तुम्ही ब्लँकेटात गुंडाळलंत, कॉफी पाजलीत आणि पुढच्या सभेत "कामाच्या वेळेत आंघोळ" म्हणून दंड केलात. सगळे हसले. बाबाही हसले. मी बश्या धूत होतो. नाणं टाकून ते माझ्या शेजारी येऊन बश्या पुसायला लागले.

मग शरदातली सभा आली. तुम्ही विचारलंत, "काय मुकादम, यंदा बर्फ कसा धरेल?"

बाबा म्हणाले, "यंदा नको. नाही म्हणतो मी."

घंटा! टाळ्या! "तौनो म्हातारा झाला रे!" "आंघोळीची सवय लागली याला, पाणी गरम करून द्या!" डुक्कर पुढे आलं. बाबांनी दोन युरो टाकले आणि खाली बघत म्हणाले, "बरं. चालेल." तुम्ही 'चालेल' तेवढं लिहून घेतलंत.

त्या रात्री आमचं भांडण झालं. मी म्हणालो, "दोन युरोंसाठी माणसं बुडवाल काय?"

ते म्हणाले, "दोन युरोंचं नाही रे. तुझ्या आईला दर आठवड्याला शहरातल्या इस्पितळात कोणी नेलं? दाराशी तिच्या चाकाच्या खुर्चीसाठी लाकडी उतार कोणी बांधला, तोही भर पावसात? तेव्हा त्यांच्यातलं कोणी नाही म्हणालं होतं?"

मी दार आपटून निघालो तो इथे आलो. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. पण म्हणून त्या गाईला घेऊन बर्फावर जायचं का?

कलम चौथं. आईकडून माझ्या वाटणीला आलेली तळ्याकाठची झोपडी बाबांची. त्यांच्या आधी मी गेलो तर काही प्रश्नच नाही. माझ्या आधी ते गेले तर ती जाळून टाका. मी त्या काठावर पुन्हा बसणार नाही.

कलम पाचवं. बँकेत जे काही निघेल ते आजारी मुलांच्या शिबिराला. चकित झालात? मुलांशी माझं भांडण नाही. मी स्वतः त्या शिबिरात दोन उन्हाळे भांडी घासलीत आणि माझ्या आयुष्यातले तेच बरे उन्हाळे होते. अट एवढीच, की हे पैसे बर्फावरच्या स्पर्धेच्या नावावर जमा धरायचे नाहीत. स्पर्धा काठावर घ्या. सॉसेज काठावरही भाजतात.

कलम सहावं. मी समुद्रात गेलो आणि सापडलो नाही, तर मंडळाने माझ्या नावाने बाक बसवू नये, कॉफीपान ठेवून निधी गोळा करू नये. सापडलो तर आईशेजारी ठेवा.

कलम सातवं. बर्फाच्या टोच्यांची जोडी, लाकडी मुठीत खिळा बसवलेली, दोरीला बांधून गळ्यात घालायची, पाण्यात पडलं तर बर्फात रोवून वर यायला. शाळेत मी धड बनवलेली ही एकच वस्तू, सुतारकामाच्या मास्तरांनीही तोंडावर तसंच म्हटलं होतं. ती बाबांना. मी मेल्यावर नव्हे, आत्ता. खुंटीवर माझ्या जुन्या कोटाखाली आहे. बाबा, कोटाच्या वरून घाला, खिशात ठेवू नका. पाण्यात खिसा सापडत नाही. त्या रविवारी सगळ्यात आधी एकटे बर्फावर तुम्ही जाता आणि सगळ्यात शेवटी तुम्ही येता. मी इथे असताना मागे दोरी धरायला कोण आहे?

मृत्युपत्राची अडचण आत्ता लिहिताना कळली. मी मेलो तरच ते लागू होतं, आणि मला भीती माझ्या मरणाची वाटत नाहीये.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिलं, खाडाखोड माझीच आहे. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर बसले होते. त्यांना फिनिश येत नाही, पण सही करणारा मीच हे त्यांनी पाहिलं. स्वयंपाक्याने विचारलं, "एवढं काय लिहितोस, तुझ्याकडे आहे तरी काय?" मी म्हणालो, "बाप आहे." मग त्याने सही केली.

येस्से होन्कापुरो (सही)

साक्षीदार: ओद्वार स्क्येल्विक, बोटीवरचा स्वयंपाकी (सही)
दाऊमान्तास गिर्द्झ्युस, खलाशी (सही)

स्थळ: बोटीवर, बंदरात, उद्या निघण्याआधी
तारीख: २६ फेब्रुवारी

ता.क. कालेर्वोकाका, घंटा आता वाजवा. पाकिटात मंडळाच्या प्रतीला चिकटपट्टीने एक नाणं लावलंय, ते सगळ्यांसमोर डुकरात टाका आणि मग बाबांना पुन्हा विचारा, बर्फ कसा आहे. या वेळी दंड आधीच भरलाय, तेव्हा हसायच्या आधी त्यांना बोलू द्या. त्यांच्या एका 'नाही'चे पाठवतोय: दोन युरो.