काठवट पालथी ठेवावी

२ जानेवारी १९३७
आलो एकदाचे! लोंढ्याला आगगाडीतून उतरल्यावर बैलगाडीनं माझी आणि विनोदिनीची हाडं खिळखिळी केली. सात महिन्यांची बेबी मात्र वाटभर हसत होती. खाणकंपनीनं दिलेलं घर टेकडीच्या पायथ्याला आहे. सोन्याचा माग काढायचा. लागला तर माझी नोकरी कायम. विनोदिनीला लगेच शास्त्राचा डोस पाजला. लाखो वर्षांपूर्वी इथून एक नदी वाहत होती. पुढं जमीन तुटली, पश्चिमेची बाजू खाली खचली आणि नदीचं पात्र मधोमध चिरलं. अर्धं टेकडीवर राहिलं, अर्धं गाडलं गेलं. सोनं जड, पाण्याचा जोर ओसरतो तिथं, खोलगट जागेत ते बसतं. ती म्हणाली, म्हणजे तुमच्यासारखंच, जागा दिसली की बैठक मारणार.

५ जानेवारी
जमीन तुटल्याची रेघ नकाशावर ओढली. ती नेमकी आमच्या स्वयंपाकघराखालून जाते! विनोदिनीला सांगितलं, आता चुलीतही सोनं शोध.
ओढ्याची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारा भावकू कामावर घेतला. त्याची बायको मालुबाई घरकामाला. वाळू धुऊन झाली की भावकू आपली लाकडी काठवट पालथी घालतो. मालुबाईही रिकामं भांडं कधी उताणं ठेवत नाही. बेबीला उचललं की पाळणासुद्धा उलटा करते. कारण विचारलं तर भावकू म्हणाला, "आजा सांगायचा, सायब. का त्ये मला बी ठावं न्हाय." मी पोट धरून हसलो.

९ जानेवारी
काल गंमत म्हणून भावकूची काठवट स्वयंपाकघरात उताणी ठेवली. सकाळी तिच्या तळाला ओली वाळू, आणि वाळूत मोहरीएवढं सोनं! ओढा तर केवढा लांब. भावकूनं पाहिलं आणि मजुरीही न मागता मालुबाईला घेऊन निघाला. जाताना एवढंच म्हणाला, "नदीला जागा घावली, सायब. लेकराला घिऊन जावा हितनं."
गेलो नाही. लोभ सुटला, दुसरं काय! घरातली झाडून सगळी भांडी उताणी मांडली.

१४ जानेवारी
संक्रांत. विनोदिनीच्या सुगडांत गाजर-हरभऱ्याच्या जागी ओली वाळू. ती रडली. म्हणाली, मला नको हे सोनं, घरी चला. मीही भ्यालो आहे. सगळं पालथं घातलं, पण वाळू थांबत नाही. आता चपलांत येते. कोनाड्यात. डोकं टेकून उशीला पडलेल्या खळग्यात.

१६ जानेवारी
पाळण्याची दोरी करकरते. बेबी जड लागते. दुपारी ती तोंड उघडं टाकून झोपली होती. विनोदिनीनं तिच्या हिरडीवरून बोट फिरवलं. बोट चमकत होतं.
मीच हे घरात आणलं. उद्या निघायचं.

१७ जानेवारी
गाडी दारात आली. बेबी उचलेना. मी, विनोदिनी, गाडीवान, तिघांनी जोर लावला — दोरी तुटली, पाळणा जमिनीवर — गाडीवान बैल घेऊन पळाला. ती रडायला तोंड उघडते, आणि मग आवाजच —

१८ जानेवारी
बेबी गेली.
विनोदिनी तिच्याशेजारी बसून आहे. कशीबशी तिला मांडीवर ओढून घेतली आहे. विनोदिनीच्या ओटीत वाळू साठते आहे. मी उपसतो, पुन्हा भरते. तिला उठता येत नाही. आता माझ्या ओंजळीतही —

१९ जानेवारी
लिहिताना हात पालथा असतो. म्हणून लिहितो आहे. दात आवळून, नाकाला फडकं बांधून.
विनोदिनी आतून हाका मारते आहे. वाळू गळ्याशी आली असेल. प्रत्येक हाक आधीच्या हाकेपेक्षा बारीक. मी इथंच आहे गं. पण ओ द्यायची तर तोंड