सहभागी अकरा

१२ जानेवारी

आज रविवार, माझी चौथी मुलाखत झाली. आत्याने जेवणाच्या टेबलावरचे कागद ढकलून एक कोपरा मोकळा केला, मध्ये रेकॉर्डर ठेवला, लाल दिवा लागला आणि लगेच तिचा आवाज बदलला. "सहभागी अकरा, सुरू करूया का? तुमची काही हरकत नाही ना?" — तुमची! पाच मिनिटांपूर्वी हीच बाई ओरडत होती, "घुमे, गिझर बंद केलास का गं?"

माणसं एआयशी काय बोलतात, कशाला बोलतात, त्यावर आत्या पुस्तक लिहितेय. विद्यापीठात शिकवते ना, तिथलंच काम. एक नर्स आहे, एक टॅक्सीवाला, एक रिटायर्ड न्यायाधीश. मी अकरावी! खरी अकरावी तर माझ्या नशिबात नाही, नववीतच शाळा सोडली. उभं राहून वाचायला सांगितलं की आवाजच फुटायचा नाही. मग जायचंच बंद केलं. बाबांनी वर्षभर वाट बघितली आणि मग आत्याला म्हणाले, "ताई, तूच ठेव हिला. इथे नुसती भिंतीकडे बघत बसते."

मुलाखतीत आत्या फोन उलटा ठेवते. मी अडकले तरी थांबते. बोलणाऱ्याला ढोसायचं नाही, असं त्यांच्यात असतं म्हणे. पूर्ण तासभर फक्त माझ्याकडे बघते.

१३ जानेवारी

आत्या परत लॅपटॉपमध्ये. दूध उतू गेलं म्हटलं तर "हं". बाबांचा फोन येऊन गेला म्हटलं — "हं". घर जळतंय म्हणणार होते, पण हसू आलं.

१६ जानेवारी

रविवारसाठी काहीतरी हवं. गेल्या खेपेला मी एआयला विचारलं होतं, मासे झोपतात का. आत्याला ते सांगितलं तर तिचं पेन हललंसुद्धा नाही. "एकटं" म्हटलं की हलतं. म्हणून आज ॲप उघडून लिहिलं — मला एकटं वाटतं. हे भलंमोठं उत्तर आलं! सगळं कोण वाचतंय. आत्यासाठी जपून ठेवलं.

खोटं नाही म्हणा. वाटतंच की. पण ते मी त्याला सांगत नव्हतेच.

१९ जानेवारी

तासाची मुलाखत लांबतच गेली! आत्याने विचारलं, "एआय नसता तर हे तुम्ही कोणाला सांगितलं असतं?" मला वाटलं, आता म्हणावं — तुला. पण लाल दिवा लागलेला. म्हटलं, "कोणालाच नाही." पेन नुसतं पळत होतं.

२० जानेवारी

"हं."

२८ जानेवारी

प्रकाशनाच्या संपादक बाईंचा फोन. आत्या अंडी उकडत होती म्हणून स्पीकरवर. "अहो, ती अकरा नंबरची मुलगी म्हणजे पुस्तकाचा जीव आहे! तिचंच प्रकरण आधी घेऊया." आत्याने मला चमच्यानेच सलाम ठोकला. किती खूश होती! सहा वर्षं या पुस्तकात गेलीत तिची. लग्नाकार्यांनासुद्धा जात नाही, बाबा म्हणतात, ताईला आता लॅपटॉपच अग्नी देणार.

२ फेब्रुवारी

रविवार. मी अकरा वाजल्यापासून टेबलाशी बसले होते. आत्या आली, माझ्यासमोरचा चार्जर घेतला. "अगं, मुलाखती संपल्या आता. हवं ते सगळं मिळालं." गेली.

४ फेब्रुवारी

पुस्तक छापायला जायच्या आधी ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला ते वाचायला द्यायचं, असा आत्याचा नियम. पटलं तर सही करायची, नाही पटलं तर सांगायचं. मला माझी पानं दिली. सहीच्या जागी पेन्सिलने फुली. मग विद्यापीठात गेली.

वाचलं. भारी भाषा आहे. काही शब्द कळले नाहीत. एक वाक्य मात्र पूर्ण कळलं — "घरात मोठी व्यक्ती असूनही सहभागी अकराने तिच्याशी बोलायचा प्रयत्न केल्याचं दिसत नाही."

दिसत नाही!!

६ फेब्रुवारी

"केलीस का गं सही?" — "वाचतेय अजून." — "दहा पानं आहेत घुमे, कादंबरी नाही."

८ फेब्रुवारी

बाबांचा फोन. "ताई म्हणत होती, पोरगी आता तास तास बोलते. खरंय?" म्हटलं, हं. (मीपण!)

सही केली तर जन्मभर पुस्तकात तसंच राहणार — प्रयत्न केला नाही. खरं सांगितलं तर आत्याचं प्रकरण गेलं. मग ती माझं तोंड तरी बघेल का? बाबांकडे पाठवून देईल. पाठवलं तर काय बोलणार मी.

१० फेब्रुवारी

विद्यापीठात गेले. एकटी! घरी सांगायला गेले असते तर पुन्हा गिळून बसले असते. आत्याच्या खोलीबाहेर झेरॉक्सचं मशीन, तिथे तिचा तो चष्मिष विद्यार्थी पानं काढत उभा. "मॅडम आहेत, जा ना." जा ना म्हणे! बाकावर बसले, उठले, परत बसले. शेवटी आत्याच बाहेर आली.

"अगं! तू इथे? सही आणलीस?"

"हे बरोबर नाहीये."

"काय बरोबर नाही?"

"मी एआयशी बोलायचे, कारण तू रविवारी विचारायचीस. तू विचारलं नसतंस तर मी ते उघडलंच नसतं."

आत्याने दार लावलं. खुर्चीत बसली. "म्हणजे ते एकटं वाटतं वगैरे..."

"ते खरंय. पण तुला सांगता यावं म्हणून त्याला लिहिलं."

मग म्हणाली, "वीस वर्षं शिकवतेय मी पोरांना. विचारणाऱ्यामुळे उत्तर बदलतं. पहिल्याच तासाला सांगते." आणि मग, "आधी का नाही बोललीस?"

"मग रविवार बंद झाले असते."

येताना बसमध्ये ती पुढच्या सीटवर बसली. माझं तिकीट मात्र तिनेच काढलं.

१३ फेब्रुवारी

प्रकरण काढलं. अख्खं. संपादक बाई फोनवर एवढ्या ओरडत होत्या की स्पीकरची गरजच नव्हती. "एखादं वाक्य फिरवा ना! कोण बघायला बसलंय?"

आत्या म्हणाली, "अकरा नंबर बसलीय. इथेच, भांडी पुसतेय."

पुस्तक यंदा नाही. फोन ठेवल्यावर आत्या गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी चहा नेऊन ठेवला. निवला.

१५ फेब्रुवारी

ओरडत नाही, रागवत नाही. घुमे पण म्हणत नाही. बॅग कपाटाच्या वरून खाली काढून ठेवलीय मी, उगाच ऐनवेळी धावपळ नको.

१६ फेब्रुवारी

आत्या टेबलाशी येऊन बसली. म्हणाली, "आज तू विचार." काही सुचेना, म्हणून तिचाच पहिला प्रश्न विचारला — तू एआयशी काय बोलतेस?

कानापर्यंत लाल झाली.

"तुझ्याबद्दल," म्हणाली. "तू आलीस तेव्हापासून. पोरगी घरात आहे आणि मला तिच्याशी बोलताच येत नाही, काय करू? तर म्हणाला, मुलाखत घेऊन बघा."